उलटं करून, सावलीत

बेटावदच्या शिवारात पहिल्यांदा फवारलं
ते सकाळी अकराला,
कारण साहेबांची जीप बाराला धुळ्याकडे निघायची होती
आणि फोटोला ऊन चांगलं पडलं होतं.

बाटलीत शंभर अळ्या होत्या, एका एकरापुरत्या.
मीच वाढवलेल्या, एकेक वेगळ्या कुपीत;
एकत्र ठेवल्या तर एकमेकींना खातात.
बेसनाच्या वडीवर पोसायच्या,
मग त्याच वडीवर रोगाचा एक थेंब.
आठवड्याने त्या फुगतात, पिवळट होतात,
मी त्यांना वाटते, मलमलीतून गाळते.
बोटांना वास राहतो. जेवताना आठवतो.

चौथ्या दिवशी लोटन आप्पांनी घाटा दाखवला:
डोकं आत, अंग बाहेर,
अळी पंगतीला बसल्यासारखी.
"तुम्हनं औषध तिले मानवनं, ताई."

औषध नव्हतं ते. जीव होता,
डोळ्यांना न दिसणारा,
पौषातलंसुद्धा दोन तास ऊन न सोसणारा.
साहेबांच्या पुस्तकात हे सतराव्या पानावर आहे.
जीप मात्र बाराला निघते.

घरी येऊन बापाला सांगितलं.
माझा बाप परीट.
पांझरेच्या काठी चाळीस वर्षं
गावाचे कपडे आणि स्वतःचे डोळे
एकाच उन्हात वाळवलेला माणूस.
एका डोळ्याचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं राहिलंय.
म्हणाला,
"रंगीत कापड कोनी दुपारले टाकस का?
उलटं करानं. सावलीमा टाकानं.
नही ते दोन धुण्यामा रंग उडी जास."
मग ट्रंकेतून निळीची पुडी काढली,
गाठ मारलेली, धंदा बंद केला तेव्हाची.
नीळही आहे सतराव्या पानावर. ग्रॅममध्ये.

दुसऱ्यांदा फवारलं ते
संध्याकाळची सुरत पॅसेंजर गेल्यावर.
पंपातलं पाणी निळं झालं,
आभाळाचं वगैरे नव्हे, सरळ बनियनचं निळं.
त्यात मूठभर गूळ, पानाला चिकटावं म्हणून.
नोझल खालून वर धरलं,
पानाची उलटी बाजू भिजेल असं.
निंदणीहून परतणाऱ्या बाया बांधावर थांबल्या:
"अळीस्ना कपडा धोई राहिनी का व?"
मीही हसले.
हरभऱ्याच्या आंबेने साडीचा काठ कडक झाला,
पोटऱ्या रात्रभर चुरचुरल्या.

सहाव्या दिवशी अळ्या चढायला लागल्या.

आजारी अळी वर जाते.
घाट्यातून बाहेर, देठावरून, शेंड्याकडे,
उजेडाकडे.
रोगच तिला तिकडे नेतो,
ज्या उन्हात तो स्वतः टिकत नाही.
पुस्तकात आहे हे.
मला मात्र अजून उमगलेलं नाही.
शेंड्याला मागचे पाय घट्ट धरून ती खाली लोंबते,
काळी पडते, कातडी फाटते,
आणि आतलं सगळं थेंब थेंब
खालच्या पानांवर, सावलीत.

बापाला शेतात घेऊन गेले.
"किती?" त्याने विचारलं.
एका ओळीत मी सत्तावन्न मोजल्या.
लोटन आप्पांच्या एकावन्न भरल्या,
त्यावर ते अडून बसले.
बापाला नीट दिसत नव्हतं.
तो वाकला, शेंडा चाचपला,
दोरीवर उलट्या टांगलेल्या सदऱ्याची
काखेतली शिवण चाचपतात तसा,
जी सगळ्यात शेवटी वाळते.

"आजून ओलं शे," म्हणाला,
आणि बोटं स्वतःच्या पांढऱ्या धोतराला पुसली.